टपावरचा केक

एल्डन होलुबने केकचा डबा पिकअपच्या टपावर ठेवला, कारण त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते. एका हातात पोलिसांचं वेग मोजणारं रडार हेरणारा डिटेक्टर होता, दुसऱ्यात पोलिसांचं बोलणं ऐकायचा स्कॅनर, आणि दोघांच्या वायरींचा एकमेकींत असा गुंता झाला होता की तो दातांनीच सोडवावा लागणार होता. ही दोन्ही यंत्रं त्याने एप्रिलमध्येच विकली होती. निदान डार्लीनला, म्हणजे बायकोला, त्याने तसं सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती शेडमध्ये खिळ्यांच्या डब्यामागे नांदत होती.

एल्डन बावीस वर्षं शाळेची बस चालवत होता. बसमध्ये तो संत असे. पण स्वतःच्या गाडीत बसला की त्याच्या अंगात कोण शिरायचं देव जाणे. वर्षभरात वेगापायी दंडाच्या तीन पावत्या झाल्या होत्या. आणखी एक झाली की परवाना जाणार, आणि परवान्याबरोबर बसही. यंत्रं विकायचं वचन डार्लीनने तिसऱ्या पावतीच्या दिवशी घेतलं होतं. तिचं म्हणणं साधं होतं, की हळू चालवणाऱ्याला यंत्र लागत नाही.

आज काउंटीची जत्रा होती. डार्लीन सकाळीच आपल्या गाडीने महिला हॉलमध्ये टेबलं मांडायला गेली होती. तिचा तीन थरांचा खसखशीचा केक रात्रभर फ्रीजमध्ये बसायला हवा होता आणि शेवटपर्यंत गार राहायला हवा होता, म्हणून तो आणायचं काम एल्डनकडे आलं. स्पर्धेची नोंद अकराला बंद. डबा घसरू नये म्हणून तिने त्याच्या बुडाला रबरी चटई चिकटवली होती. सलग चार वर्षं पहिला नंबर ओपल रेनेकरने नेला होता आणि सलग चार वर्षं डार्लीनने हसतमुखाने टाळ्या वाजवल्या होत्या. पाचव्यांदा तो हसरा चेहरा आपल्याच्याने होणार नाही, असं तिने काल रात्री बोलून दाखवलं होतं.

वायरी सुटल्या. डिटेक्टर काचेला चिकटला, स्कॅनर खुरखुरू लागला, एल्डन खूश होऊन निघाला. मागच्या सीटवर टॉवेलने झाकलेलं काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांचं खोकं होतं. आरशात टॉवेल दिसला की केक जागेवर आहे असं वाटून त्याच्या जिवाला बरं वाटे. फोन नेहमीप्रमाणे ओट्यावर राहिला होता.

गावात औषधांच्या दुकानापाशी डिटेक्टर केकाटला. तो तिथे रोजच केकाटतो, कारण दुकानाचे आपोआप उघडणारे दरवाजेही त्याला पोलीसच वाटतात. एल्डनला हे ठाऊक होतं, तरी परवान्याच्या काळजीने त्याने गाडी मुंगीच्या चालीवर आणली. चर्चच्या पायऱ्या झाडणाऱ्या पॉस्पिशिलबाईंनी झाडू उंचावून आकाशाकडे दाखवलं. पावसाबद्दल म्हणत असतील, म्हणून त्याने मान डोलावली आणि तो पुढे गेला.

हायवेला लागतो न लागतो तोच स्कॅनरमधून मार्व्हाचा आवाज आला. मार्व्हा शेरीफच्या कचेरीत बसून गस्तीवरच्या पोलिसांना रेडिओवरून निरोप द्यायची आणि डार्लीनची शाळेपासूनची मैत्रीण होती.

"कर्टिस, होलुबची तपकिरी पिकअप दिसली तर थांबव. कशासाठी ते रेडिओवर नाही सांगत, महिला हॉलमध्ये स्कॅनर चालू असतो. बघशील तेव्हा कळेल."

एल्डनने हिशेब लावला. गुरुवारी दफनभूमीजवळ आपण ताशी सत्तर मैलांनी गेलो होतो, ते कुणीतरी पाहिलं असणार. आणि डार्लीनला ऐकवू नये म्हणून मार्व्हा गुन्ह्याचं नावही घेत नाहीये, म्हणजे प्रकरण मोठं असणार. त्याने पहिल्याच वळणावर हायवे सोडला आणि गाडी मक्याच्या शेतातल्या खडीच्या रस्त्याला घातली.

खडीच्या रस्त्यावर पळणं हे वाटतं तितकं सोपं नाही. जरा वेग घेतला की मागे धुळीचा लोट उठतो आणि तो चार मैलांवरून दिसतो. म्हणून एल्डनला पळून जाताना ताशी पंधरा मैलांनी जावं लागलं. इतक्या हळू तो बसही चालवत नसे.

तरी स्कॅनर म्हणाला, "ओढ्याकडे वळलाय." मग म्हणाला, "आता सेडलाचेकच्या धान्याच्या सायलोपाशी आहे. सगळं ठीक आहे अजून."

एल्डनने आजूबाजूला पाहिलं. दोन्हीकडे डोक्यावर गेलेला मका, माणूस औषधालाही नाही. मग यांना कळतंय कसं? त्याने काच खाली करून वर पाहिलं, तर एक पिवळं विमान संथपणे घिरट्या घालत होतं. हायवेवरची पाटी त्याला आठवली : वेगाची तपासणी विमानातून होते. वीस वर्षं तो त्या पाटीला हसत आला होता. विमान सेडलाचेकच्या थोरल्या मुलाचं होतं, मक्यावर फवारणी करणारं, आणि तो फवारता फवारता मार्व्हाला बातम्या पुरवत होता. पण घाबरलेल्या माणसाला विमानाच्या पोटाखालच्या फवारणीच्या नळ्या दिसत नाहीत.

त्याने गाडी ओढ्याकाठच्या उंच झाडांखाली लपवली.

"झाडाखाली थांबलाय," मार्व्हा म्हणाली. "कर्टिस, सायरन अजिबात लावू नकोस. दचकून ब्रेक मारला तर सगळं संपलं."

आपण एवढे धोकादायक इसम कधी झालो, हे एल्डनला कळेना. घड्याळात पावणेअकरा वाजले होते. इथेच बसून राहिलं तर परवाना कदाचित वाचेल, पण केक नक्की बुडेल. त्याने आरशातल्या टॉवेलकडे पाहिलं. त्याला डार्लीनचा चार वर्षांचा हसरा चेहरा आठवला आणि स्वतःची मनापासून लाज वाटली. गेला परवाना तर गेला, असं म्हणून त्याने गाडी बाहेर काढली आणि सरळ जत्रेचा रस्ता धरला. आता उगाच आणखी एक गुन्हा नको, म्हणून तोही अगदी हळू.

फाटकात डेप्युटी कर्टिस दोन्ही हात पसरून उभा होता. पोरसवदा असताना तो एल्डनच्याच बसने शाळेत जायचा.

"मिस्टर होलुब, हळूच थांबा. हलू नका. दारही उघडू नका."

एल्डनने हात स्टिअरिंगवर ठेवले आणि म्हणाला, "मला काय ती पावती दे, पण मागचा केक आधी आत पोचव."

कर्टिस गाडीच्या पाऊलपट्टीवर चढला. त्याने टपावरून डबा उचलला आणि खिडकीसमोर धरला. बराच वेळ एल्डन डब्याकडे आणि आरशातल्या टॉवेलकडे आळीपाळीने बघत राहिला.

"नऊ मैल आलाय तो वरून. पॉस्पिशिलबाईंनी पाहून मार्व्हाला फोन केला," कर्टिस म्हणाला. "गाडी कुणी चालवावी तर तुम्हीच."

अकराला तीन मिनिटं असताना दोघे हॉलमध्ये शिरले. जॅमच्या बरण्यांमध्ये स्कॅनर चालू होता आणि सगळ्या बायका कामं टाकून त्याच्याभोवती उभ्या होत्या. डार्लीनने झाकण काढलं. तिन्ही थर जागेवर होते. तिने केक टेबलावर ठेवला, नाव नोंदवलं, हात पुसले आणि मगच नवऱ्याकडे वळली.

"एल्डन, एक सांग मला. पोलीस तुला शोधतायत हे तुला कळलं कसं?"

बायकांच्या माना एल्डनकडे वळल्या. ओपल रेनेकरने तर हातातली सुरीसुद्धा खाली ठेवली. एल्डनची नजर जॅमच्या बरण्यांकडे गेली. तिथला स्कॅनर खुरखुरत राहिला.

पहिल्या नंबरची निळी फीत डार्लीनला मिळाली. टपावरून आणलेला केक नियमात बसतो का, असं ओपलने विचारून पाहिलं, पण नियमात टपाचा उल्लेख कुठेच नव्हता.

दुपारी घरी जाताना पिकअप डार्लीनने चालवली. तिची गाडी उद्या नेता येणार होती, आज तिला नवऱ्याच्या हाती चाक द्यायचं नव्हतं. यंत्रं सोमवारी खरोखर विकायची, हे तिने फाटकातच बजावलं होतं. एल्डन मांडीवर रिकामा डबा घेऊन मुकाट बसला होता. निळी फीत आरशाला लटकत होती, डार्लीन गुणगुणत होती आणि वेगाचा काटा सत्तरच्या पुढे गेला होता.

डिटेक्टर केकाटला. डार्लीनने झटकन पाय उचलला. धान्याच्या कोठाराआड कर्टिसची गाडी उभी होती. ती पंचावन्नने त्याच्यासमोरून गेली आणि तिने त्याला हातही केला.

पुढचा मैलभर तिने काटा पंचावन्नवरच ठेवला.

"सोमवारची एवढी घाई नाहीये," डार्लीन म्हणाली.