ओळंब्यातली पृथ्वी

"पाया तेवढा बसवा, बाकी काही करू नका," असा मुख्याध्यापिका बाईंचा निरोप सांगून शिपाईमामांनी शाळेचा पृथ्वीगोल ओळंबेरावांच्या टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले. ओळंबेरावांना असं सांगणं म्हणजे मांजराला दुधापाशी बसवून "नुसतं बघ हं" म्हणण्यातला प्रकार होता.

ओळंबेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांचं तसबिरींना चौकटी करून देण्याचं दुकान होतं. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा या गृहस्थांच्या डोळ्यातच टांगलेला असल्यामुळे गल्लीने त्यांचं हे बारसं केलं होतं. कुठे काही तसूभर वाकडं दिसलं की त्यांच्या हातांना खाज सुटे. एकदा अंगात ताप घेऊन ते दवाखान्यात गेले, डॉक्टरांचं भिंतीवरचं प्रमाणपत्र सरळ करून आले, आणि औषध तिथेच विसरले. हा किस्सा त्यांची बायको ओळखीच्यांना हौसेने सांगे आणि अनोळखी माणसांना त्याहून हौसेने.

तर समोर पृथ्वी. पाया मोडलेला, आणि कमानीतला गोल चक्क एका बाजूला कललेला.

"एवढी मोठी शाळा आणि पृथ्वी वाकडी!" ओळंबेराव हळहळले. "म्हणूनच मोडली. सगळा भार एकीकडे!"

मग त्यांनी सागवानाचा भक्कम पाया केला. कमान सरकवून पृथ्वीचा वरचा खिळा खालच्या खिळ्याच्या बरोब्बर डोक्यावर आणला, खरोखरीचा ओळंबा सोडून पाहिला, मग सरस ओतला आणि खालून स्क्रू पिळले. स्क्रूची भोकं लाकडाच्या पुट्टीने बुजवली आणि वर असं पॉलिश केलं की ती भोकं कुठे होती हे त्यांचं त्यांनाही सांगता येईना. "आता प्रलय आला तरी ही हलायची नाही," असं ते समाधानाने म्हणाले. पृथ्वी त्यांनी खाकी कागदात गुंडाळून ठेवली. हा गोल उद्या त्यांच्याच लेकीच्या हातात जायचा होता आणि ओळंबेरावांना तिला चकित करायचं होतं.

लेकीला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणत. घरात ती जमिनीवर ठरत नसे, पण मंचावर चढली की तिची दातखीळ बसे. गेल्या वर्षीच्या संमेलनात तिला झाडाचं काम दिलं होतं, आणि झाड म्हणून ती फार गाजली. यंदा मात्र तिने स्वतः हात वर करून "ऋतू कसे होतात" हे प्रात्यक्षिक मागून घेतलं होतं. महिनाभर ती चेंडूत विणायची सुई खुपसून आरशासमोर बोलत होती. ओळंबेरावांनी मध्ये एकदा मदतही केली होती.

"त्यात काय एवढं? पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. शेकोटीसारखं!"

"नाही हो बाबा, तसं नसतं. पृथ्वीचा अक्ष ना..."

"बोलताना पाठ ताठ ठेव आधी," असं म्हणून त्यांनी तिला ताठ केलं आणि ते दुकानात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पाऊल टाकताच ओळंबेराव थबकले. मंचासमोरच्या भिंतीवर, दाराच्या वर, शाळेच्या संस्थापकांची तसबीर एका खिळ्यातून सुटून खिडकीच्या बाजूला चांगलीच कलंडली होती.

"एक स्टूल मिळेल का?"

"बाबा, आधी माझी पृथ्वी!" भिंगरीने त्यांना ओढत मंचामागच्या खोलीत नेलं आणि कागद टराटरा फाडला. मग तिने गोल एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पाहिला.

"कशी वाटली?" ओळंबेरावांनी छाती फुगवली.

"बाबा, ही सरळ आहे."

"आहेच! कुठूनही बघ."

"बाबा, पृथ्वी तिरकीच असते! साडेतेवीस अंश! म्हणून तर ऋतू होतात. तुम्ही ऋतू बंद केलेत!"

"सगळेच?" ओळंबेरावांनी खालच्या आवाजात विचारलं.

"सगळेच! आता नुसते दिवस आणि रात्र, तेही वर्षभर सारखेच. उन्हाळा नाही, हिवाळा नाही, काही नाही!"

"पण ते जवळ जाणं, शेकोटी..."

"जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते बाबा! आणि तेव्हा तुम्ही दोन दोन स्वेटर घालून बसता!"

आता तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. हा ओठ ओळंबेराव चांगला ओळखून होते. तो असा थरथरला की पोर पुन्हा वर्षभर झाड होऊन बसणार, हे त्यांना लख्ख दिसलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच सरळपणाची त्यांना लाज वाटली.

"मामा, स्क्रूड्रायव्हर आणा!" ते गरजले. शिपाईमामांनी तो धावत आणला, पण स्क्रू सापडतील तर ना! ओळंबेरावांनी नखांनी पॉलिश खरवडलं आणि स्वतःच्याच कारागिरीला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. मग पायाच्या एका बाजूखाली पुस्तकं सारली. पृथ्वी घसरली आणि शिपाईमामांनी ती दक्षिण ध्रुवाकडून कशीबशी झेलली. शेवटी पाया चाकांच्या टेबलावर तिरपा ठेवून दोरीने करकचून बांधला. ओळंबेरावांना हायसं वाटलं, पण भिंगरीने टेबल ढकलून पाहिलं आणि मान हलवली.

"सूर्याच्या दिव्याभोवती वळवलं की टेबल फिरतं, मग कलही फिरतो. पृथ्वी सूर्याच्या कुठल्याही बाजूला गेली तरी तिचा कल एकाच दिशेला राहतो बाबा. तो आपल्यासोबत वळला तर बारा महिने उन्हाळाच!"

बाहेर घंटा झाली. ओळंबेरावांनी एकवार लेकीकडे पाहिलं, दोरी सोडली, सागवानी पायासकट पृथ्वी उचलून पोटाशी घट्ट धरली आणि कमरेतून उजवीकडे वाकले.

"बघ, झाले का साडेतेवीस?"

भिंगरीने कंपासपेटीतून कोनमापक काढून लावला. "अजून थोडं बाबा. अजून. बास! आता असेच राहा. तोंड कायम लोकांकडे आणि कल कायम खिडकीकडे."

सभागृहात अंधार झाला. मंचाच्या मधोमध दिवा पेटला आणि त्याच्या एका बाजूने पृथ्वीला कवटाळलेले ओळंबेराव खेकड्यासारखे तिरपे प्रवेशले. पहिल्या रांगेत त्यांची बायको बसली होती. "अगं बाई, हे कसे काय वाकडे?" असं ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की सगळं सभागृह खदखदून हसलं. भिंगरीही हसली, आणि हसता हसता तिची दातखीळ कधी सुटली ते तिलाच कळलं नाही.

"पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस आणि रात्र होतात," तिने बोटाने गोल फिरवला. "आणि सूर्याभोवती फिरताना ती अशी कललेली असते. आता जूनमध्ये चला, बाबा! बघा, वरचा अर्धा भाग दिव्याकडे झुकलाय. ऊन तिथे जास्त सरळ पडतं, दिवसही मोठा. हा उन्हाळा. आता मागून फिरून सप्टेंबरमध्ये! इथे कल ना दिव्याकडे, ना दिव्यापासून लांब. दिवस-रात्र सारखी. आता डिसेंबर! तोच भाग दिव्यापासून लांब झुकला. ऊन तिरपं, दिवस लहान. हिवाळा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ओळंबेरावांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण लेकीचा खणखणीत आवाज ऐकून त्यांचा ऊर भरून आला होता. मार्च गाठून ते पृथ्वी खाली ठेवणार, एवढ्यात दार उघडलं आणि प्रमुख पाहुणे आत आले.

"भिंगरी, साहेबांसाठी पुन्हा एकदा!" बाई म्हणाल्या.

दुसरं वर्ष सुरू झालं. जून पार पडला, सप्टेंबरात दिव्याची वायर पायात आली ती त्यांनी कशीबशी ओलांडली, आणि डिसेंबरात येऊन पृथ्वी थांबली ती थांबलीच.

"बाबा, चला ना. मार्च!" भिंगरी कुजबुजली.

"कसला मार्च! उसण भरली!"

शिपाईमामांनी धावत येऊन पृथ्वी काढून घेतली. ओळंबेराव तसेच राहिले, हात पसरलेले, कल खिडकीकडे.

"बघा," भिंगरी जराही न अडखळता म्हणाली, "काही झालं तरी कल बदलत नाही!"

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. भिंगरी धावत जाऊन बाबांना बिलगली, तीही तिरपीच, कारण सरळ बिलगायची सोय उरली नव्हती.

कार्यक्रमानंतर बायकोने एका बाजूने आणि शिपाईमामांनी दुसऱ्या बाजूने धरून ओळंबेरावांना दारापर्यंत आणलं. "नीट चाला हो, खांबाला आपटाल," बायको हसू दाबत म्हणाली. तेवढ्यात बाई लगबगीने आल्या.

"फार छान झालं! आता बरे झालात की संस्थापकांची तसबीर तेवढी बघा. तुम्हाला आल्या आल्याच खटकली असेल."

ओळंबेरावांनी जमेल तशी नजर वर केली. एक डोळा मिटून तसबीर बराच वेळ निरखली.

"तसबीर अगदी ओळंब्यात आहे, बाई," ते गंभीरपणे म्हणाले. "भिंत तेवढी कोणीतरी वाकडी बांधलीय."