एका मार्काचा कौल

इंग्रजी व्याकरणात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात सापडायचा नाही! हे मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा बोललोय की आता कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. नववीला इंग्रजी शिकवून शिकवून मी पार थकलोय, पण ऐट काही सुटत नाही.

निकालाच्या आदल्या दिवशी सत्यवतीबाई शाळेत आल्या. त्यांची अंकिता इंग्रजीत एका मार्काने नापास, हे शिपायाकडून आधीच फुटलं होतं! हवे तेहतीस, पडले बत्तीस. म्हणजे पुन्हा नववी.

"सर, त्या गाळलेल्या जागेत चेडवान 'वेंट' लिव्हल्यान म्हणता. तुमी शून्य कित्याक दिलास?"

प्रश्न माझाच होता. माझे वडील आज सकाळी मुरगावला गेले, यातलं 'गेले' इंग्रजीत भरायचं होतं.

"'हॅज गॉन' पाहिजे!" मी म्हणालो. "बाप गेलाय तो अजून परतला नाही ना? मग प्रेझेंट परफेक्ट!"

"पण सर, पेपर दुपारचा होता," पलीकडून सुविधा मिस म्हणाल्या. "सकाळ संपली. सिंपल पास्टच बरोबर."

यंदाच लागलेली बाई, आणि मला शिकवते! झालं, तासभर जुंपली.

"आवो, तिचो बापूस खराच मुरगावाक गेलो," सत्यवतीबाई मध्येच म्हणाल्या. "थंय बंदरातल्या डॉकार कामाक आसा, सांजेक येतलो. ह्यात वाद कसलो?"

एवढ्या पेपरांत कुणी काय लिहिलं ते मला कुठलं आठवायला! पेपर हेडमास्तरांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात, आणि ते स्वतः पणजीला मीटिंगला. मला तर घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. 'घ्या एक मार्क' म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण सुविधा मिससमोर? छे!

"चला, देवाक कौल लावया," सत्यवतीबाई म्हणाल्या.

आमच्याकडे लग्न जुळवण्यापासून विहीर खणण्यापर्यंत सगळं देवाला विचारून ठरतं. भांडायची ताकद संपली होती, म्हणून मी हो म्हणालो.

देवळात पोचलो तर तिथे पंचवीस माणसं आधीच हजर! बाबली गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मिसचं खरं, डावी पडली तर माझं. मग त्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! सर म्हणतत 'हॅज गॉन', मिस म्हणता 'वेंट'. खरा काय ता तूच दाखय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सवयीने मीही ओरडलो!

अर्धा तास गेला तरी पाकळी हलेना.

"देव कन्फ्यूज झालो!" दुकान बंद करून आलेला गौरेश पुटपुटला.

मी खांबाला टेकून पेंगत होतो, तेवढ्यात गलका उठला. उजवी पडली! सत्यवतीबाई रडायलाच लागल्या. "माजा चेडू पास झाला!" जो तो येऊन माझी पाठ थोपटत होता, घरात गमी झाल्यासारखी. साक्षात देवाने मला इंग्रजीत पाडलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमास्तरांनी कपाट उघडलं. अंकिताचा पेपर काढला. मी आणि सुविधा मिस दोघंही वाकलो.

गाळलेली जागा गाळलेलीच होती! 'वेंट' नाही, 'हॅज गॉन' नाही, साधं टिंबसुद्धा नाही!

अंकिताला बोलावलं. ती मान खाली घालून म्हणाली, "आवय मारतली म्हणान 'वेंट' लिव्हलंय सांगलंय. ता उत्तर पेपर सुटल्यार वर्गातल्या पूजान सांगल्यान."

मला हसावं की रडावं कळेना. बाहेर व्हरांड्यात सत्यवतीबाई शिपायापासून सगळ्यांना पेढे वाटत होत्या. नवरासुद्धा कामावर खाडा करून आला होता, नवा शर्ट घालून.

सुविधा मिसनी लाल पेन माझ्यापुढे सरकवलं. "सर, कौल मोडूक जाता?"

हेडमास्तर खिडकीतून बाहेरचा माड बघायला लागले.

मी पेन उचललं आणि त्या कोऱ्या जागेपुढे ठसठशीत बरोबरची खूण केली. देवाने तपासलेला पेपर पुन्हा तपासणारा मी कोण!