वानखेडेकाकूंचा काय-स्क्वेअर

आमच्या शेजारच्या वानखेडेकाकू कुणाकडेही गेल्या की आधी दाराशी काढलेल्या चपला मोजतात. बूट किती, सँडल किती, बायकांचे किती, पुरुषांचे किती. वहीत चार खणांचा तक्ता भरला, की मगच "काय करून राहिली गं?" म्हणत आत येतात.

वय बहात्तर. जन्मभर नागपूरला शाळेत गणित शिकवलं, आता अमेरिकेत मॉरिसव्हिलला मुलाकडे असतात. नात रिया लांबच्या कॉलेजात गेली, तिने स्टॅटिस्टिक्स घेतलं, तर काकूंनीही घरबसल्या तेच पुस्तक उघडलं. तेव्हापासून आमच्या कॉलनीला शांतता नाही. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला कोणी नुसतं म्हणावं, "हल्लीच्या पोरांना मसालेभात नको, पिझ्झाच हवा," की संपलंच! "मत नको देऊ, मोजून दे. मग काय-स्क्वेअर टेस्ट लावून सांगते, वयाचा नि आवडीचा संबंध आहे की नुसता योगायोग." आणि रांगेत प्रत्येकाच्या ताटात डोकावत फिरतात. ही बाई एका जागी दहा मिनिटं बसेल तर शपथ!

मी पडले डेटा ॲनालिस्ट, त्यामुळे माझी तर सुटकाच नाही. परवा त्यांच्याकडे चहाला गेले, तर टेबलावर रियाला तपासायला पाठवायचा सोडवलेला कागद. दोन रांगा, दोन स्तंभ, म्हणजे टेस्टला लागणारा 'डिग्री ऑफ फ्रीडम'चा आकडा एक. काकूंनी चार लिहिलं होतं. मागच्या आठवड्यातही हीच चूक! मी पेन उचललं.

"हात नको लावू!" काकू ओरडल्याच.

मग त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथेही तक्ता. रांगा: उत्तर बरोबर, उत्तर चूक. स्तंभ: रियाने अंगठा पाठवला, रियाने फोन केला. 'बरोबर'पुढे सगळे अंगठे. 'चूक'पुढे जवळजवळ सगळे फोन.

"योगायोग नाही," काकू हळूच म्हणाल्या. "टेस्ट लावून पाहिली मी."

मी पेन खाली ठेवलं. काकूंनी त्या चुकलेल्या कागदाचा फोटो काढून रियाला पाठवून दिला आणि खिडकी ते दार येरझारा सुरू केल्या. चहा गार झाला. मीही उगाच उठबस करत होते.

फोन वाजला. "आजी, नॉट अगेन!"

काकू सोफ्यावर बसल्या. चांगल्या मांडी घालून बसल्या.

"अगं बाई, पुन्हा चुकलं का? सांग बरं नीट. अगदी पहिल्यापासून सांग."