कुकरातला शर्ट

कपड्याबद्दल मला कोणी काही सांगू नये. सुरतेला पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये रंगाच्या मशीनवर उभं राहून माझी उमर गेली. घरामागच्या गटारीचं पाणी बघून मी सांगतो, आज कुठल्या मिलला कुठल्या रंगाची ऑर्डर आहे. शाळा मी चौथीत सोडली. काही अडलं नाही. जगायला जे लागतं ते शाळेत शिकवतच नाहीत, हे माझं ठाम मत. आणि हे मत मी कोणालाही, न विचारता, सांगतो.

याच मतापायी पंच्याण्णव साली माझ्या गायत्रीचं जमत आलेलं लग्न कुकरात शिजायची वेळ आली.

स्थळ अमळनेरकडचं होतं. मुलगा लखन, शाळेत मास्तर. बाप भिकनआबा, माणूस बारीक पण मिशी दोन माणसांची. पोरीनं लखनचा फोटो पाहिला आणि त्या दिवसापासून ती गाणं म्हणत भांडी घासायला लागली. काय समजायचं ते आम्ही समजलो.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी माझ्या बायकोनं, उषाबाईनं, मला कोपऱ्यात घेतलं. ती नळावर घसरली होती, उजवा हात प्लास्टरमध्ये. डावा हात माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाली, "पाव्हणे जाईपर्यंत तोंड बंद ठेवा. पोरीच्या मनात भरलंय हे स्थळ. तुमच्या तोंडापायी गेलं, तर मी माहेरी जाईन आणि तुम्ही थापा भाकरी."

"मी काय बोलणार आहे?"

"तीच तर भीती आहे."

पाहुणे आले, जेवायला बसले. वरण-बट्टीचा बेत. लखनच्या अंगात कडक इस्त्रीचा नवा पांढरा सुती शर्ट. पोरगा वाकला तरी शर्ट वाकत नव्हता. गायत्री मान खाली घालून तूप वाढून आत गेली. मी गप्प होतो. देवाशपथ गप्प होतो. तेवढ्यात आबांनी मिशीवरून हात फिरवला.

"आमचा लखन शाळेत पहिला. डीएडला पहिला. पुस्तकातलं काहीही विचारा."

आता सांगा, माणसानं किती गप्प बसावं?

"लखनराव," मी म्हटलं, "शर्टाला बटन लावता येतं?"

"नाही मामा."

"स्टोव्ह तुंबला तर पिन मारता येते?"

"नाही."

"बरं, भाताला पाणी किती लागतं?"

पोरगं विचारात पडलं. "ते भांड्यावर अवलंबून आहे."

आतून उषाबाईचा खोकला आला. तो खोकला नव्हता, शेवटची नोटीस होती. पण माझं मशीन एकदा सुरू झालं की स्विच सापडत नाही.

"बघा आबा. पहिला नंबर! अहो, कपड्यावर डाग पडला तर काय करायचं, एवढं तरी शिकवतात का शाळेत?"

हे म्हणताना मी हात फिरवला आंबेगावच्या जत्रेतल्या पाळण्यासारखा. तो लागला वरणाच्या पातेल्याला. पातेलं गेलं लखनच्या छातीवर.

वरण तेवढं बोलत होतं, थेंब थेंब.

आबांचा घास हातातच राहिला. दाराआडून गायत्रीनं तोंडावर हात घेतलेला मला दिसला. पण मी घाबरलो का? नाही. मी म्हटलं, देवानं संधी दिली आहे.

"काढा शर्ट. उभ्या उभ्या धुऊन देतो. मिलमध्ये दिवसाला गाडीभर कपडा धुतो मी, हा तर हातरुमाल."

माझा शर्ट त्या लांब पोराच्या अंगात शिरेना. म्हणून उषाबाईनं पेटीतली शाल दिली. भर उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत, लखन शाल पांघरून सत्काराला आल्यासारखा बसला.

"अहो, मन्हं ऐका," उषाबाई मोरीपर्यंत मागे आली. "सोडा लावू नका. हळद आहे ती. नुसता पाण्यातून काढा आणि..."

"तू गप. तुला घरातलं समजतं, मला कपड्यातलं."

मी डब्यातला मिलचा सोडा काढला आणि मूठभर डागावर टाकला.

डाग लाल झाला. गुलाबी नाही, केशरी नाही, लालभडक. बकरं कापल्यासारखा. मिलमध्ये मी हजार रंग बदलताना पाहिले, पण तिथं कोणता रंग येणार ते रंगाचा मास्तर आधी सांगतो. इथं मास्तर शाल पांघरून बाहेर बसला होता.

नेमकी तेव्हाच शेजारची सरलाबाई हंडा मागायला मागच्या दारानं आली. तिनं माझ्या हातात लाल शर्ट पाहिला, माझं तोंड पाहिलं.

"चिंधाभाऊ, पाव्हण्याला काय केलं तुम्ही?"

मी सांगेपर्यंत ती गेलीसुद्धा. आणि आमच्या खोल्यांच्या लाइनीतली माणसं अशी, की नळाला पाणी आलं तरी इतक्या लवकर जमत नाहीत. सगळे घरात शिरले. कोणी लखनचा हात धरून बघितला, कोणी शाल वर करून. पोरगं जिवंत निघालं तेव्हा एकदोघांची थोडी निराशाच झाली.

मी तोवर पुढचा इलाज काढला होता. आमचं मशीन म्हणजे काय? भलामोठा कुकर. कपडा आत, झाकण बंद, वाफ, काम फत्ते. चुलीजवळ घरचा कुकर होता. आत पाणीही होतं, म्हटलं बरं झालं. शर्ट कोंबला. मिलमध्ये आम्ही ॲसिड टाकतो, इथं दोन लिंबं पिळली. झाकण लावलं.

सगळी गर्दी माझ्यामागे स्वयंपाकाच्या कोपऱ्यात. आबाही आले. शिट्टी झाली.

"पुन्हा जेवण लावलं का?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. शर्ट लावलाय."

आबांनी भिंत धरली.

आणखी शिट्ट्या झाल्या. झाकण काढलं, चिमट्यानं शर्ट वर धरला. पिवळा! कॉलरपासून खालच्या शिवणीपर्यंत, जेजुरीच्या भंडाऱ्यासारखा. बटणं मनुकांसारखी सुरकुतलेली.

"त्यात वरण शिजवलं होतं," उषाबाई हळूच म्हणाली. "भिजत घातला होता कुकर." आणि ती खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माहेरची गाडी मला समोर दिसायला लागली.

आबांची मिशी थरथरत होती. "ज्या घरात पाव्हण्याचा शर्ट शिजवतात, तिथली सोयरीक आम्हाला नको. लखन, ऊठ. लखन?"

बाहेरच्या खोलीत लखन नव्हता. शाल होती.

सगळे बाहेर धावले. लखन बनियनवर ओट्याच्या पायरीवर बसला होता, दारात गायत्री. आमच्यात पोरगी बघायला आले म्हणजे नाव विचारतात, शिक्षण विचारतात, दहा माणसांसमोर, झालं. पण दहाच्या दहा माणसं कुकरापाशी असल्यामुळे या दोघांना अख्खी दुपार मोकळी मिळाली होती.

"तांदळाच्या वर बोट टेकवायचं," गायत्री सांगत होती. "एका पेरापर्यंत पाणी. भांडं कुठलंही असो."

"कुठलंही?" लखन म्हणाला, आणि ती हसली.

"लखन, चल," आबा कडाडले. "हे बघ, काय केलं शर्टाचं."

लखननं माझ्या चिमट्याला लोंबणाऱ्या शर्टाकडे पाहिलं, मग गायत्रीकडे.

"रंग चांगला आहे, आबा," तो म्हणाला. "बसा थोडं. गाडीला वेळ आहे."

आबा बसले. काय करतात? पोरगा पहिल्या नंबराचा, त्याचं ऐकायची सवय त्यांनीच लावून घेतली होती. संध्याकाळी सुपारी फुटली. लखन पिवळ्या शर्टात गेला, बटणांच्या जागी गायत्रीच्या सेफ्टीपिना.

साखरपुड्याला तो तोच शर्ट घालून आला. दुधासारखा पांढरा. बटणं नवी, जराशी तिरकी, त्यानं स्वतः लावलेली.

मी बाजूला घेऊन विचारलं, "जावईबापू, कोणतं केमिकल वापरलं?"

"काही नाही मामा. गायत्री त्याच दिवशी म्हणाली होती, हळदीचा डाग उन्हात टाकला की आपोआप उडतो. शाळेच्या पत्र्यावर वाळत टाकला रोज."

"मी मोरीत तेच सांगत होते," उषाबाई म्हणाली.

सगळे हसले. आबा तर मिशी धरून हसले. मला काही हसू येईना. इतकी वर्षं मशीनवर उभं राहून, ना डाग ना पट्टा, असा एकसारखा रंग माझ्या हातून एकदाच लागला होता. तोही पोरानं उन्हात घालवला.