ऑफिसचा एकुलता एक कोट

ऑफिसात माणसं पाच आणि कोट एक होता. काळा, जाड कापडाचा, मालकांनी पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच्या मापाने शिवून घेतलेला. पुढे मालकांचं पोट वाढलं, कोट बिचारा होता तेवढाच राहिला आणि म्हणून तो ऑफिसचा झाला. जुन्या इमारतींना तडे गेले की त्या राहण्याजोग्या आहेत का हे तपासून सांगणं, हा या ऑफिसचा धंदा. तपासायला जो जाईल त्याने कोट घालून जायचं आणि परत आल्यावर तो दाराजवळच्या हँगरला लावायचा, असा नियम होता. लावण्याआधी मालक तो खिडकीच्या उजेडात धरून सुरकुत्या शोधत.

"आता कोण घालतं हो कोट?" असं कुणी म्हटलं की मालकांचं उत्तर ठरलेलं असे. "इमारत आपण बघतो. पण क्लायंट आपल्याला बघतो."

यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

त्या दिवशी कोटाची पाळी इंजिनीअरची होती. तीन वर्षं तिने दुसऱ्यांच्या पाहणीचे नकाशे काढले होते. ही तिची स्वतःची पहिली इमारत. कोट तिच्या गुडघ्यांपर्यंत आला आणि बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी बाहेर राहिली. गाडी चालवायला नेहमीचा ड्रायव्हर होता. उंच, कानशिलांवर पिकलेला, खर्जातल्या आवाजाचा. त्याचा चेहरा इतका भारदस्त की त्याने नुसतं पाणी मागितलं तरी लोक उठून उभे राहत. त्याच्यात दोष एकच, कुणालाही नाही म्हणणं त्याच्या जिवावर येई. रस्त्यात एखाद्याने चुकीचा पत्ता सांगितला, तर त्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून तो थोडी गाडी तिकडे नेऊन आणत असे.

इमारत दोन मजली, बिऱ्हाडं बारा. महिनाभरापासून तळमजल्यावरचे दरवाजे नीट लागत नव्हते. फाटकाशी सोसायटीचे सेक्रेटरी हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना हुकूम सोडायला एवढी एकच जागा उरली होती.

"या, या. साहेब मागून येतायत का?"

"नाही. मीच आलेय तपासायला."

सेक्रेटरींनी कोटाकडे पाहिलं, मग कोटाच्या आतल्या मुलीकडे पाहिलं. "असं होय," एवढंच ते म्हणाले आणि किल्ली देऊन वर निघून गेले.

इमारतीचा मुख्य खांब जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत होता. तिथे मोडकी कपाटं आणि गंजलेली पाण्याची टाकी, आणि टाकीमागे एका माणसाने पोटावर सरपटत जाण्याइतकी जागा. इंजिनीअरने कोट उतरवला आणि ड्रायव्हरच्या हातात दिला.

"काका, एवढा सांभाळा. सुरकुती पडली तर मालक मला दुसरी इमारत द्यायचे नाहीत."

"तुम्ही निर्धास्त जा, ताई."

कोट घेऊन अंगणात आलेला ड्रायव्हर स्वतः मात्र निर्धास्त नव्हता. कोट हातावर टाकला तर मधोमध घडी पडणार. गाडीत ठेवला तर सीटवर धूळ. दोन्ही खांद्यांना धरून समोर ताणून उभा राहिला, तर दहा मिनिटांत दंड भरून आले. शेवटी त्याने डोकं चालवलं. सुरकुती न पडता कोट ठेवायची जगात एकच जागा आहे, ती म्हणजे माणसाचं अंग. त्याने कोट घातला. तो त्याला असा चपखल बसला की ऑफिसात इतकी वर्षं तो भलत्याच लोकांना दिला जात होता, असंच कुणीही म्हटलं असतं.

तेवढ्यात सेक्रेटरी जिना उतरले आणि जागच्या जागी थांबले.

"साहेब! अहो, इथे उन्हात काय उभे? कळवायचं नाही का?"

"असू द्या, असू द्या," ड्रायव्हर म्हणाला. हे तो सगळ्यांनाच म्हणत असे, पण कोटातून ते फारच शोभून दिसलं.

"काय वाटतं साहेब तुम्हाला? भिंतीला तडे फार गेलेत हो."

"वय झालं की तडे जायचेच. आपल्याला नाही का जात?"

सेक्रेटरी मनापासून हसले. महिनाभरात पहिल्यांदा हसले. "म्हणजे राहायला हरकत नाही?"

आता समोरचा माणूस इतक्या आशेने बघत असताना, हरकत आहे की नाही हे मला माहीत नाही, असं ड्रायव्हरच्याने कसं म्हणवणार? "खुशाल राहा," तो म्हणाला.

ही बातमी जिन्याने सेक्रेटरींच्याही आधी वर पोचली. लेकीकडे जायला बांधलेली बोचकी पहिल्या मजल्यावरच्या आजींनी सोडली. कुणीतरी रंगाऱ्याला फोन केला. एवढ्या मोठ्या माणसाला दारातून परत पाठवायचं नाही म्हणून सेक्रेटरींनी त्याला ओढतच आजींच्या घरी नेलं, कारण इमारतीतली सगळ्यात मोठी खोली तीच. साहेबांच्या तोंडून स्वतः ऐकावं म्हणून बाराही बिऱ्हाडं तिथे जमली. मोजून चाळीस माणसं, चहाची दोन मोठी पातेली आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारून आणलेला लोखंडी पलंग. ही खोली बरोबर त्याच खांबावर उभी होती.

खाली इंजिनीअर टॉर्च तोंडात धरून खांबाचा सुटलेला गिलावा हाताने काढत होती. आतल्या सळ्या गंजून बोटाएवढ्याच्या काडीएवढ्या झाल्या होत्या. तडा जिथे संपत होता तिथे तिने आल्याबरोबर पेन्सिलने रेघ मारली होती. अर्ध्या तासाने पाहिलं, तर तडा रेघ ओलांडून दोन बोटं पुढे गेला होता. वरून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि तिच्या मानेवर बारीक माती पडली.

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली तेव्हा केसांत जळमटं होती, तोंडावर चुना होता आणि शर्टाचं कोपर फाटलं होतं. सेक्रेटरींनी तिला दारातच अडवलं.

"बाई, जरा थांबा. आत साहेब बोलतायत."

"कोण साहेब? अहो, सगळ्यांना खाली उतरवा. आत्ताच्या आत्ता. खांब चाललाय."

"साहेब म्हणाले खुशाल राहा. तुम्ही नवीन आहात, शिकाल हळूहळू."

तिने त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. मध्यभागी खुर्चीवर, हातात कपबशी घेऊन, कोट बसला होता. तिची आणि ड्रायव्हरची नजरानजर झाली तसा तो ताडकन उठला.

"ताई सांगतात तेच खरं," तो घाईने म्हणाला. "मी कुणी साहेब नाही हो. मी ड्रायव्हर आहे."

खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. "बघा," आजी शेजारणीला म्हणाल्या, "केवढा माणूस, पण आहे का काही गर्व?"

"अहो, खरंच मी गाडी चालवतो!"

"स्वतः चालवतात!" सेक्रेटरींनी सगळ्यांना सांगितलं. "ड्रायव्हरसुद्धा ठेवला नाही."

इंजिनीअरने मालकांना फोन लावला. ती काही बोलायच्या आत सेक्रेटरींनी फोन मागून घेतला. "नमस्कार! अहो, तुमचे कोटवाले साहेब म्हणतात, इमारत उत्तम आहे. आणि ही एक बाई म्हणते, सगळे बाहेर चला. आम्ही ऐकायचं कुणाचं?"

मालक जेवत होते. ऑफिसातून आज कोट कुणी नेला हे त्यांना ठाऊक होतं. ही दुसरी बाई म्हणजे इमारतीतलीच कुणी घाबरट असणार, असा त्यांचा साहजिक समज झाला. "कोट ज्याच्या अंगावर, त्याचं ऐका," ते ठामपणे म्हणाले. "त्यांचा शब्द तो माझा शब्द."

सेक्रेटरींनी फोन बंद करून परत दिला. क्षणभर तिला वाटलं, इथेच भिंतीशी बसून रडावं. चाळीस माणसं चहा पीत होती, सगळी तिच्याकडे दयेने बघत होती आणि त्यांच्या पायांखाली काय आहे हे एकट्या तिलाच माहीत होतं. तिने ड्रायव्हरला दंडाला धरून कोपऱ्यात ओढलं.

"काका, गाडी जॅकवर चढवलीय. जॅक घसरतोय. आणि चाळीस माणसं गाडीत बसलीत."

ड्रायव्हरने कपबशी खिडकीत ठेवली. एकदा त्या चाळीस तोंडांकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. आणि मग तो पळाला.

पळाला म्हणजे चक्क पळाला. सेक्रेटरींना ढकलून, दारातल्या चपलांच्या ढिगावरून उडी मारून, अनवाणी, कोट मागे फडफडवत. जिन्यावर धाड्‌धाड्‌ पावलं वाजली आणि मग फाटक आपटल्याचा आवाज आला.

आजींनी कपबशी खाली ठेवली.

"साहेब पळाले?" कुणीतरी विचारलं.

पुढचं कुणी कुणाला विचारलं नाही. बाईचं म्हणणं, फोन, तडे, न लागणारे दरवाजे, यातल्या कशानेही जे झालं नव्हतं ते पळत्या कोटाने केलं. सगळा घोळका दाराकडे लोटला. इंजिनीअर दारात आडवे हात करून उभी राहिली आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती एवढ्या जोरात ओरडली, "एकेक जण! आधी मुलं! धावायचं नाही!" आता मात्र लोकांनी तिचं ऐकलं. सेक्रेटरींनीसुद्धा.

आजींचे गुडघे जिना उतरू देईनात. त्या पलंगावरच बसून राहिल्या आणि "माझं काय एवढं," म्हणत राहिल्या. इंजिनीअर त्यांना उठवत होती, इतक्यात खाली उतरणाऱ्या माणसांच्या उलट दिशेने ड्रायव्हर धापा टाकत वर आला. त्याने आजींना पाठुंगळी घेतलं, त्यांच्या अंगावर कोट टाकला आणि खाली नेलं. इंजिनीअर शेवटी उतरली.

सव्वातीनला खांब बसला. फार मोठा आवाज झाला नाही. आजींच्या खोलीची जमीन मधोमध खचली आणि पलंग, खुर्च्या, चहाची पातेली घेऊन सावकाश खाली गेली. खिडक्यांतून धूळ बाहेर आली. चाळीस माणसं रस्त्यावर उभी राहून बघत होती. आजी तेवढ्या हळूच रडत होत्या, आणि त्यांना कुणी उगी म्हटलं नाही.

"काका," इंजिनीअरने विचारलं, "इतके घाबरलात?"

"घाबरलो तर होतोच. पण ताई, एवढ्या लोकांना तोंडावर सांगायचं कसं की मी म्हटलं ते खोटं? ते मला जमलं नसतं. म्हटलं, पळूनच दाखवावं."

अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत कुणाला इमारतीजवळ जाऊ द्यायचं नव्हतं. तिने डिकीतला दोर काढून रस्त्यावर आडवा बांधायला घेतला. सेक्रेटरी जवळ आले. त्यांच्या हातात अजून किल्ल्यांचा जुडगा होता. आता तो कशाचा, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

"बाई, मी तुम्हाला दारात अडवलं."

"हो."

"काही काम सांगा मला."

तिने दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं. "यापलीकडे कुणालाही सोडायचं नाही. कुणीही असो."

पाऊण तासाने मालक पोचले. फोन ठेवल्यावर त्यांना चैन पडेना, म्हणून जेवण अर्धं टाकून निघाले होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घामाने चिकटलेला, बटण वरखाली लागलेलं, पायांत घरातल्या चपला. ते दोर उचलून आत शिरणार, तोच सेक्रेटरींनी त्यांच्या छातीवर हात ठेवला.

"मागे व्हा. आत इंजिनीअरचं काम चालू आहे."

"अहो, मी मालक आहे!"

"इथे बाराही जण मालकच आहेत. ते काय उभे आहेत बघा सगळे. तुम्ही मागे व्हा."

"मी तिच्या ऑफिसचा मालक! तिला विचारा तर खरं!"

सेक्रेटरींनी त्यांना चपलांपासून बटणांपर्यंत नीट न्याहाळलं. मग इमारतीकडे तोंड करून हाक मारली, "बाई, इथे एक गृहस्थ आलेत. ऑफिसचे मालक आहोत म्हणतात. सोडू का आत?"

इंजिनीअर भिंतीजवळ उकिडवी बसून दुसऱ्या खांबावर पेन्सिलने रेघ मारत होती. तिने मान वळवून दोरापलीकडे पाहिलं. मालकांनी हात वर केला.

"थोडा वेळ तिथेच थांबवा त्यांना," ती म्हणाली. "मी सांगते."