रिव्हर्स पडेना

चष्मेवाल्याने गाडीचा गिअरचा दांडा बदलला, त्याला कारण एक गिऱ्हाईक. त्या गिऱ्हाइकाने एकदा त्याला आपल्या गाडीतून घरी सोडलं आणि वाटेत डबीचं झाकण लावावं तसा गिअर टाकला. टक! मनगट तेवढं हललं, कोपर जागचं हललं नाही.

"आखूड दांडा बसवलाय," गिऱ्हाईक म्हणालं. "तयार मिळतो. कोणालाही बसवता येतो."

त्या 'कोणालाही'नेच घात केला. चष्मेवाल्याचा सगळा जन्म मिलिमीटरमध्ये गेलेला. भिंगं घासून चौकटीत बसवणाऱ्या माणसाला एक दांडा बसवता येऊ नये?

रविवारी सकाळी त्याने गाडीचा मधला भाग उकलून ठेवला. अंगणात स्क्रू, रबरं आणि प्लॅस्टिकचे तुकडे पसरले. बायको दारात येऊन उभी राहिली.

"हे सगळं परत आत जाणार आहे ना?"

"जाणार म्हणजे काय!"

"नाही, उद्या सकाळी बाबा गाडी न्यायला येणार आहेत. त्यांची परीक्षा आहे."

बाबा म्हणजे चष्मेवाल्याचे सासरे. त्यांनी आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. अजूनही ते रस्त्यात दिसले, की भलेभले लोक मोबाइल खाली टाकून दोन्ही हात स्टिअरिंगवर घेत. पण कायदा कोणाला चुकला नाही. वय झाल्यामुळे लायसन्स पुढे चालू ठेवायचं तर त्यांना पुन्हा परीक्षा द्यावी लागणार होती. स्वतःची गाडी त्यांनी केव्हाच विकली होती. सासूबाईंना इकडेतिकडे न्यायला ते लेकीचीच गाडी घेऊन जात.

दुपारपर्यंत नवा दांडा बसला. चष्मेवाल्याने पहिला टाकला. टक. दुसरा. टक. तिसरा टाकताना त्याची बोटं रेडिओच्या बटणावर आपटली आणि गाडीत बातम्या गर्जू लागल्या.

"थोडी जागा कमी पडतेय," तो बोटं चोळत म्हणाला.

त्याने दांडा काढला, लोखंडी पकडीत धरला आणि किंचित मागे वाकवला. आता तिसरा सुखरूप पडू लागला, पण दुसरा टाकताना दांडा पेला ठेवायच्या खोबणीला अडला. त्याने करवत आणून खोबण कापली.

"पाण्याची बाटली कुठे ठेवायची आता?" बायकोने विचारलं.

"मांडीत."

मग त्याने रिव्हर्स टाकला. खट! दांडा अर्ध्या वाटेत थांबला. जोर लावला, खट. लाडीगोडी लावली, तरी खट. चष्मेवाला गाडीखाली शिरला, तेव्हा त्याला भानगड कळली. दांडा वरून आखूड होता, पण खालून लांब होता. हाताला कमी फिरावं लागावं म्हणून खालचं टोक जास्त फिरत होतं, आणि सायलेन्सरची उष्णता अडवायला जो पत्रा लावलेला असतो, त्याला जाऊन धडकत होतं. नखाएवढी जागा हवी होती, नेमकी तेवढीच नव्हती.

त्याने पत्रा ठोकला. तो एका बाजूने बसला आणि दुसऱ्या बाजूने उठला. त्याने दांड्याखाली वॉशर घालून दांडा उचलला, तर वरचं रबर ताणलं गेलं आणि पडलेला गिअर आपोआप बाहेर येऊ लागला. वॉशर काढले. ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला, तर तो लग्नाला गेला होता.

"जुना दांडा लावून टाक ना," बायको म्हणाली.

"त्याच्या बुडाची प्लॅस्टिकची वाटी काढताना फुटली."

"मग बाबांना फोन करून सांग."

"सांगतो," तो म्हणाला. दातांच्या डॉक्टरकडे कधी जाणार असं विचारल्यावर माणूस ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात. संध्याकाळी दोघांनी मिळून गाडी ढकलत फिरवली आणि तिचं तोंड फाटकाकडे करून ठेवलं.

सकाळी सासरे इस्त्रीच्या शर्टात आले. मागोमाग सासूबाई. सासरे गाडीत बसले, दांड्याकडे बघितलं, हात ठेवला, सगळे गिअर एकेकदा चाचपले. चष्मेवाला खिडकीशी वाकला.

"बाबा, जरा एक..."

"मागे बसा, जावईबापू. उशीर होतोय."

परीक्षेच्या मैदानावर सासूबाई सावलीतल्या बाकावर बसल्या. परीक्षक म्हणजे एक तरतरीत बाई होत्या. त्या सासऱ्यांच्या शेजारी बसल्या. गाडीचा मालक म्हणून चष्मेवाल्याला मागे बसू दिलं. सासऱ्यांनी गाडी अशी चालवली, की दुधावरून साय सरकावी. चढ, वळण, सिग्नल, सगळं बिनचूक. शेवटी गाडी भिंतीसमोर उभी राहिली.

"छान, काका. आता मागे घेऊन त्या दोन खांबांच्या मध्ये लावा."

खट!

सासऱ्यांनी पुन्हा टाकला. खट.

"क्लच पूर्ण दाबा, काका," बाई मऊ आवाजात म्हणाल्या.

हे वाक्य सासऱ्यांनी स्वतः हजारोंना ऐकवलं होतं. चष्मेवाल्याला वाटलं, धरणी दुभंगावी. "अहो बाई, यात त्यांचा..." त्याने तोंड उघडलं. आरशातून सासऱ्यांचे डोळे त्याच्यावर रोखले गेले. त्याने तोंड मिटलं.

"नाही जमत, बाई," सासरे म्हणाले. "हातात पूर्वीचा जोर नाही राहिला."

बाई हळहळल्या आणि निकाल सांगायला सासूबाईंकडे गेल्या. चष्मेवाला पुढे वाकला. "बाबा, चूक माझी आहे. तो दांडा..."

"हळू बोला. तो तुमच्या फाटकातच कळला मला."

"मग परीक्षेला का बसलात?"

"म्हणूनच तर बसलो!" सासरे कुजबुजले. "आज तुमच्या सासूबाईंची बहीण, उद्या मावशी, परवा ब्लाउज बदलून आणायचा. मी गाडी चालवायची आणि तिने शेजारी बसून मला शिकवायचं. 'इथून नको, तिथून वळा.' डोळ्यांना दिसत नाही असं सांगून बघितलं, तर तुम्ही तपासून सांगितलंत, नजर ठणठणीत आहे! आता देवाने हा दांडा पाठवलाय, तर गप्प राहा."

तेवढ्यात सासूबाई बाईंना घेऊन आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "उतरा. जावईबापू, तुम्ही बसा पुढे. निघू या इथून."

चष्मेवाला पुढे बसला आणि समोर भिंत दिसली. निघायचं तर मागेच जायला हवं होतं. त्याने दांडा हातात घेतला, मनातल्या मनात नमस्कार केला आणि टाकला.

खट!

"थांबा," परीक्षक बाई खिडकीशी आल्या. "तुमच्याकडूनही पडत नाही? मग दोष गाडीचाच आहे! काका, दुरुस्त करून आणा, मी पुन्हा परीक्षा घेते."

सासूबाईंचा चेहरा उजळला. सासऱ्यांचा विझला. त्यांनी जावयाकडे इतक्या अजिजीने मुलगी देतानासुद्धा बघितलं नव्हतं.

चष्मेवाला दांड्यावरचा हात काढत म्हणाला, "गाडी ठीक आहे, बाई. मलाच पहिल्यापासून रिव्हर्स जमत नाही."

बाईंच्या भुवया वर गेल्या. "मग रस्त्यावर कसे फिरता? तुम्हालाही परीक्षा द्यावी लागेल. तोवर गाडी चालवायची नाही."

सासूबाईंनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग जावयाकडे. दोघेही आपापल्या चपलांकडे बघत होते.

"बाई," सासूबाईंनी पदर खोचला, "माझ्या वयाला गाडी शिकता येते का?"

"न यायला काय झालं? घरात एवढे मोठे शिक्षक असताना!"

मेकॅनिक लग्नाहून परतला, त्याने मैदानातून गाडी नेली आणि पत्र्याचा नखाएवढा तुकडा कापला. रिव्हर्स लोण्यासारखा पडू लागला. चष्मेवाला परीक्षा पास झाला. आता रोज सकाळी ती गाडी सासऱ्यांच्या गल्लीत गचके खात पुढे-मागे होत असते. सासूबाई स्टिअरिंगवर, सासरे शेजारी. परवा मात्र त्यांनी नुसतं "क्लच..." एवढंच म्हटलं, तर सासूबाईंनी भर चौकात गाडी थांबवली.

"तुम्ही बोलू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही नापास आहात."