शेपूट कापणारा रमाकांत

लाइट गेली की आमच्या इमारतीत एकच माणूस खूश व्हायचा. पंखे थांबायचे, बायका कपाळाला हात लावायच्या, आणि दुसऱ्या मजल्यावरचा रमाकांत भोईर पायांत चपला अडकवत जिना उतरायचा. गळ्यात बॅटरीवरचा रेकॉर्डर, हातात माइक. "चला वैनी, लाइट गेली. कामाला लागा."

कारण सरळ होतं. भिवंडीत लाइट असली की कापड विणायचे लूम चालू असतात. आमची इमारत गावाच्या कडेला, शेजारी नवी गोदामं, तरी लांबून खटखट यायचीच. आम्हाला सवयीनं ती ऐकू येत नसे, रमाकांतच्या माइकला मात्र यायची. त्यामुळे ज्या भारनियमनाच्या वेळापत्रकाला सगळं गाव शिव्या घालायचं, ते यानं देवाच्या फोटोशेजारी चिकटवलं होतं.

रमाकांत हळदीला कीबोर्ड वाजवायचा. आमच्याकडे हळद हे लग्नाहून मोठं प्रकरण. दुसऱ्यांच्या हळदी वाजवण्यात त्याची स्वतःची राहून गेली, आणि त्याचं त्याला फारसं वाटतही नसावं. त्याचं दुःख वेगळं होतं. "कीबोर्डातली ढोलकी जपानची हाय वैनी. तिला हळदीतलं काय कळनार?" म्हणून तो इकडचे आवाज गोळा करी, कॉम्प्युटरवर साफ करी आणि फ्लॉपीतून कीबोर्डात भरून एकेका पट्टीवर बसवी.

कोणतंही काम कसं चालतं ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. इमारतीची सेक्रेटरी असल्यानं तसं बघायला निमित्तही लागत नाही. एकदा मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर आवाज हिरव्या डोंगरासारखा दिसतो. आधी उभा कडा, मग उतार, मग लांबच लांब सपाटी. ही सपाटी म्हणजे आवाजाचं शेपूट. कीबोर्डात जागा फार कमी, म्हणून माउसनं शेपूट धरायचं आणि कापायचं. बेतानं कापलं तर आवाज ठसठशीत येतो. जास्त कापलं तर ढोलकीला उचकी लागल्यासारखं वाटतं.

पुढे हे शेपूट त्याच्या बोलण्यात शिरलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर कुणी लांबण लावली की मागून आवाज यायचा, "मुद्दा चांगला हाय, शेपूट कापा." लग्नाच्या जेवणाबद्दल मत विचारलं तर म्हणायचा, "सुरुवात झकास. शेपटाला नुसता भात." मला हा माणूस कामाचा वाटायचा. त्याच्यामुळे आमच्या मीटिंगा वेळेत संपायला लागल्या.

भांडी मात्र त्याच्यापासून सांभाळावी लागत. माझ्या पितळी पातेल्यावर त्याचा डोळा होता, म्हणजे कान होता. लाइट गेली की पातेलं मागायला हजर. खालच्या अन्सारीचाचांच्या बकरीला त्यानं पाल्याची लाच देऊन ओरडायला लावलं होतं. ती खाताना गप्प राहिली आणि पाला संपल्यावर याच्यावर ओरडली. तेही त्यानं रेकॉर्ड केलं.

या साफसफाईत त्याची एकदाच चूक झाली आणि ती माझ्या वाट्याला आली. माझ्या नणंदेच्या मुलीची हळद होती, वडप्याला. मांडव भरलेला, चार बाजूंना चार स्पीकर, सगळे रंगात. गाणं टिपेला पोहोचलं तेव्हा रमाकांतनं माझं पातेलं वाजवलं. दणदणीत वाजलं. आणि त्याच्या मागोमाग चारही स्पीकरांतून माझा आवाज आला, "पाणी आलंऽऽ."

झालं होतं असं, की तो जिन्यात पातेलं बडवत होता तेव्हा मी नेहमीप्रमाणे वरच्या मजल्यांना हाक दिली होती. ते शेपूट कापायचं राहिलं. मांडवातल्या दोन बायका सवयीनं उठून उभ्या राहिल्या. एकीनं तर पदर खोचला. नवरीचे मामा नाचता नाचता थांबून म्हणाले, "ही तर आपली वैनी." मग पोरांनी ते पुन्हा मागितलं, आणि रात्रभर मी वडप्यात पाणी सोडत राहिले. नणंद अजून मला 'पाणी आलं' म्हणूनच हाक मारते.

रमाकांतच्या घरात दुसरा माणूस म्हणजे त्याचे वडील, आबा. आबांचा लूमचा छोटा कारखाना होता. दुपारी जेवण झालं की ते कारखान्यातच, चालू लूमच्या शेजारी खाटेवर झोपायचे. पुढे धंदा परवडेना, जागा गोदामाला गेली आणि लूम भंगारात. लूम उचलायचे होते त्या सकाळी रमाकांत रेकॉर्डर घेऊन जिना उतरताना मला दिसला. लाइट होती. मी म्हटलं, "अरे, पंखा चालू आहे, निघालास कुठे?" तो तसाच खाली उतरला. हा माणूस न बोलता जातो म्हणजे ताप असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर आबांची झोप उडाली. लांबच्या खटखटीनं त्यांचं भागेना. भर दुपारी जिन्यात येऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "लाइट गेली का रं?" डोक्यावर बल्ब जळत असायचा. आम्ही सांगायचो, आहे आबा, लाइट आहे. ते बल्बकडे बघत आणि पुन्हा विचारत. लूम वाजत नाही म्हणजे लाइट नाही, हा त्यांचा हिशोब. दिवसेंदिवस चेहरा उतरत चालला होता. हळदीच्या सुपाऱ्यांना रमाकांत नकार द्यायला लागला, म्हणे घरी काम आहे.

मग अन्सारीचाचा तक्रार घेऊन आले. भिवंडीत लूमच्या आवाजाची तक्रार कुणी करत नाही, पण हा आवाज त्यांच्या छतातून येत होता. चाचांचा जन्म लूमवर गेलेला. "मॅडम, ऊपर लूम चालू है," ते ठामपणे म्हणाले. "पुराना है. पट्टा भी ढीला है."

राहत्या घरात लूम म्हणजे कमाल झाली. इमारतीला हादरे बसले तर जबाबदार कोण? मी नोटीस टाइप केली, सही-शिक्का मारला आणि दुपारी वर गेले. दाराबाहेर खटखट स्वच्छ ऐकू येत होती. रमाकांतनं दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

आत लूम नव्हता. कीबोर्ड होता, आणि त्याच्या एका पट्टीवर वरवंटा आडवा ठेवलेला होता. स्पीकरमधून आबांचा लूम चालला होता, सैल पट्ट्यासकट. खाटेवर आबा गाढ झोपले होते, तोंड उघडं टाकून.

मी हळूच विचारलं, "हे संपत कसं नाही?"

"ह्याचं शेपूट न्हाय कापलं," तो कुजबुजला. "वळवून तोंडाला जोडलं. सांध्यावर टक वाजायचं, तेवढ्यानं जागे व्हायचे. आता न्हाय वाजत."

तेवढ्यात लाइट गेली.

लूम थांबला, पंखा मंदावला. लाइट गेल्यावर रमाकांतचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला. पुढच्याच क्षणी तो खाटेजवळ खाली बसला आणि बोटांनी खाटेच्या फळीवर वाजवायला लागला. खटक-खट, खटक-खट. तोच लूम, तोच सैल पट्टा.

आबांनी डोळे न उघडता विचारलं, "लाइट गेली का रं?"

"न्हाय आबा," रमाकांत म्हणाला. "लाइट हाय. झोपा."

आबांच्या कपाळावर घाम जमायला लागला होता. लाइट आहे तर पंखाही असायला हवा. माझ्या हातात नोटीस होती, कागद चांगला जाड होता. मी स्टूल ओढून उशाशी बसले आणि वारा घालायला लागले. आबा कुशीवर वळले आणि पुन्हा घोरायला लागले.

रमाकांतची बोटं थांबली नव्हती. थोड्या वेळानं तो माझ्याकडे वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "वैनी, जरा दमानं. आमचा पंखा येवढा फास्ट न्हाय."